उंबऱ्याबाहेरची वाईन

भोकरदन रस्त्यावरच्या त्या मळ्यात पहिल्यांदाच लाल वाईन झाली होती, आणि ती कशासोबत खुलते हे सांगणारं माणूस घरात एकही नव्हतं. अक्षताच्या अंगावर सहा महिन्यांचा माऊली पीत होता. थेंबही नको, हे तिनंच ठरवलेलं. सासू नंदाबाई माळकरी. द्राक्षं आपली, वाईन तुमची, पण बाटलीनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा न्हाई, एवढीच तिची अट. राहिला नवरा मच्छिंद्र. त्याला सगळंच चालायचं. जालन्याहून आणलेलं चीज, शेंगदाण्याची चटणी, गुलाबजामसुद्धा त्यानं वाईनसोबत खाल्ला आणि दरवेळी तेच म्हणाला, "बराबर लागून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी संभाजीनगरच्या हॉटेलातल्या प्रीतीताई जेवायला यायच्या होत्या. इथल्या जेवणाशी जमली तरच वाईन ठेवीन, असं त्यांनी फोनवर साफ सांगितलं होतं. न्हाई जमलं तर वाईनच्या टाक्या विकून टाकू, असं मच्छिंद्र हसत म्हणाला. पण ते हसू खरं नव्हतं, हे अक्षतानं बराबर ओळखलं.

तो गुरुवार होता. नंदाबाईचा नैवेद्याचा स्वयंपाक चालू होता. नैवेद्याचं आधी चाखायचं नसतं. ती पातेल्यावर वाकली, डोळे मिटून वाफ घेतली आणि चिमूटभर मीठ टाकलं. लग्न झाल्यापासून अक्षता हे बघत आली होती आणि मीठ एकदाही चुकलं नव्हतं. आज मात्र अक्षता थबकली: वासावरून मीठ कळतं, तर वाईनची जोडीही कळेल. नैवेद्य दाखवून झाला, तशी तिनं माऊलीला मच्छिंद्रच्या कडेवर दिलं, पेल्यात वाईन ओतली आणि उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली.

"आत्या, एकेक जिन्नस इकडं धरता का?"

पाहुणी यायचीय का मास्तरीण, असं पुटपुटत नंदाबाईनं आतून हात लांबवला. आधी ठेचा आला. अक्षतानं तो पेल्यासोबत हुंगला, तशी वाईन कडवट, जळकी वाटायला लागली. चीजजवळ ती मुकीच झाली. मग येसर आमटीचा पळा आला. भाजलेली डाळ, सुकं खोबरं, दगडफूल. आणि पेल्याच्या तळाशी दबून बसलेला जांभळाचा वास एकदम वर आला. अक्षतानं सासूकडं पाहिलं. नंदाबाईनं पदर नाकाला लावला होता, पण वास घेऊन झाल्यावर.

उद्या ताटात आमटी हवी, ठेचा नको, असं अक्षतानं सांगून टाकलं. ठेचा न वाढणं म्हणजे पाहुण्यांत नाक कापून घेणं, असं म्हणत मच्छिंद्र संध्याकाळभर फुगून बसला. अक्षता हटली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रीतीताईंनी बाजरीची भाकरी आमटीत कुस्करली. एक घास घेतला, एक घोट घेतला आणि पुन्हा घास घेतला. माऊली त्यांच्या पेल्याकडं झेपावत होता. त्याला आवळून धरताना अक्षताचं सगळं लक्ष त्यांच्या तोंडाकडं. त्यांनी दुसरी भाकरी मागितली, तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

"हे जमवलं कुणी? चाखलं कोणी?"

"आमटीसंगं चाखलं कुणीच न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. सगळा किस्सा ऐकून प्रीतीताईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं. येसर आमटीची थाळी आणि ही वाईन जोडीनंच लावायची, हे त्यांनी ताटावरच ठरवून टाकलं.

पाहुणी गेल्यावर नंदाबाई बाहेर ओसरीवर आली. मांडलेल्या बाटल्यांतली एक तिनं स्वतःच्या हातानं उचलली आणि बाहेरच्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

"ही इकायची न्हाई. माऊलीचं दूध सुटलं की तू चाख," ती म्हणाली. "अन् मंग मला सांग, वास खरा व्हता का."