दहा सेंटिमीटरांची माया

दुकानाच्या फडताळावर आम्ही आठ जोड्या होतो. शंभर सेंटिमीटरपासून एकशे पस्तीसपर्यंत, दर पाच सेंटिमीटरला एक. म्हणजे काठ्या सोळा. टोकाला बसवायच्या रबरी टोप्या मात्र पंधरा. मित्रांनो, बिनटोपीची ती मी, दोन्ही हातांत एकेक काठी टेकत चालतात त्या ‘नॉर्डिक’ चालीची काठी. आता जुनी झाले आहे. तेव्हा माझी लांबी एकशे पंधरा होती. ‘तेव्हा’ हा शब्द लक्षात ठेवा.

एक निवृत्त शिंपीकाका काकूंना घेऊन दुकानात आले. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांची थोरली बहीण रोज सकाळी तळ्यापलीकडच्या बाकावर बसायची. तिथवर आपल्या पायांनी जायचं, एवढाच काकूंचा ध्यास होता.

दुकानातली मुलगी म्हणाली, “काकूंची उंची एकशे पंचावन्न. तिला शून्य पूर्णांक अडुसष्टने गुणायचं. एकशे पाचची जोडी घ्या. काठी उभी टेकवली की कोपर काटकोनात यायला हवं.”

“एकशे पंधरा द्या,” काका म्हणाले. “जादा असलं तर कापता येतं. कमी पडलं तर जोड कुठून आणू?”

“अहो, काठी आहे ती, परकर नाही!”

“माया ठेवल्याशिवाय मी कधी रुमालसुद्धा शिवला नाही.”

माया म्हणजे शिलाईच्या आत मुडपलेलं जादा कापड. माझ्या आत मुडपायला जागाच नव्हती.

पहिल्याच सकाळी काकूंची कोपरं खांद्याला भिडली. आरवायच्या बेतातला कोंबडाच जणू! माझी जोडीदारीण ‘थप’ वाजायची, मी ‘टक’. एकशे चाळीस मीटरवर खांदे भरून आले आणि आमची रवानगी छत्र्यांमागे झाली.

बहिणीचा फोन आला. “मीच येऊ का गं?”

“नको. मी येणार आहे.”

“चाकाच्या खुर्चीतून नेतो,” काका म्हणाले.

“मी काय सामान आहे?”

अकरा दिवस असेच गेले. बाराव्या दिवशी काकूंनी आम्हाला ओट्यावर आपटलं. “कापता येतं म्हणालात ना? कापा!”

काकांनी उकळत्या पाण्यावर धरून माझी मूठ सैल केली, खडूने खूण केली आणि हळूच म्हणाले, “दोन सेंटिमीटर ठेवू का?”

“अहो!”

करवत आधी जोडीदारिणीवर चालली, मग माझ्यावर. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत. मग काकांनी माझ्यासाठी चामड्याची टोपी शिवली. तिच्यात मात्र माया ठेवलीच. ती आजही अधूनमधून गळून पडते.

मित्रांनो, काठी घेताना चालणाऱ्याचं कोपर बघा, आपली सवय नको. आणि आम्हाला छत्र्यांमागे टाकू नका.

दुसऱ्या सकाळची नोंद: लांबी एकशे पाच सेंटिमीटर. कोपर नव्वद अंश. घरापासून बाकापर्यंत सहाशे चाळीस मीटर. थांबे दोन. वेळ एकोणीस मिनिटं. बाकावर माणसं दोन.