दामाजींच्या गालावरची रेघ

मित्रांनो, माझं वय अवघं तीन वर्षांचं आहे, आणि तरीही मी म्हातारा आहे. तुमच्यात तीन वर्षांच्या मुलाला कौतुकानं कडेवर घेतात. आम्हा संगणकांत तीन वर्षं झाली की 'हा फार रखडतो' म्हणतात आणि पोटमाळ्यावर चढवतात. ठाण्याला चरईतल्या एका फोटो स्टुडिओच्या पोटमाळ्यावर मी सध्या बसलेलो आहे, अंगावर जुनी चादर आणि चादरीवर धूळ. एकोणीसशे नव्व्याण्णव साल संपत आलं आहे. खाली रोज चर्चा चालते, की एक जानेवारीला जुन्या संगणकांना साल कळेनासं होईल आणि ते भलतंसलतं करतील. तेव्हा त्याआधीच मला भंगारात देणार आहेत. देण्याआधी माझ्यातलं सगळं पुसतील. त्याच्या आत मला एका माणसाबद्दल सांगायचं आहे.

माझी जुळणी वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात झाली. विश्राम नावाच्या गृहस्थांनी कुठला भाग तैवानचा, कुठला सिंगापूरचा असे जमवून मला उभं केलं आणि छातीवर एक हिरवा दिवा लावला. मला विकत घेतलं हरिहर पोंक्षे यांनी. पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं शुद्ध आणि मोजकं. तीस वर्षं त्यांनी बारीक कुंचला आणि पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरचे डाग झाकले होते. आता हात थोडा कापू लागला होता, म्हणून मी. दसऱ्याला त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं तेव्हा मी मनातून फार फुगलो, हे कबूल करतो.

पण संगणक नुसता असून भागत नाही. फोटो सुधारायचे तर तसं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते निवडण्यावरून स्टुडिओत आठवडाभर वाद झाला. वाद घालणारी होती हेमा, हरिहरकाकांची पुतणी. ती डोंबिवलीला संगणकाचे वर्ग घ्यायची.

"काका, हे कठीण आहे ते घ्या," ती म्हणाली. "शिकायला सहा महिने लागतील. पण ह्यात मूळ फोटोला हात लागत नाही. त्याच्यावर पारदर्शक थर चढवायचा आणि जे करायचं ते त्या थरावर. चुकलं तर थर काढला की खाली मूळ फोटो जसाच्या तसा."

"आणि विश्राम म्हणतात ते?"

"ते सोपं आहे. पण ते फोटोवरच काम करतं, आणि मागे फक्त एक पायरी येता येतं."

विश्रामनी सोप्या सॉफ्टवेअरबरोबर एक चकतीही आणली होती. तीत शंभरेक प्लग-इन होती, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायची छोटी छोटी हत्यारं. एक आकाश निळं करणारं, एक चेहरा उजळ करणारं, एक कपडे बदलणारं. त्यातल्या एकाचं काम होतं धूळ आणि ओरखडे काढणं. एक बटण दाबायचं, आणि फोटोवरचे पांढरे ठिपके आणि रेघा आपोआप गायब.

"पोंक्षेसाहेब, तुम्ही कुंचल्यानं दोन तास करता ते हा दोन मिनिटांत करतो. शिकायचं काहीच नाही," विश्राम म्हणाले.

हरिहरकाकांनी आपल्या कापणाऱ्या हाताकडे पाहिलं आणि सोपं सॉफ्टवेअर घेतलं. मला त्यांचा राग येत नाही. थकलेला माणूस सोपं तेच घेणार.

पहिल्याच महिन्यात त्या हत्यारानं एका नवरीच्या नाकातली चमकी खाल्ली. चमकी म्हणजे त्याच्या लेखी धुळीचा कण. हरिहरकाकांनी ती पुन्हा रंगवली आणि ते स्वतःशीच हसले. पुढे एका आजोबांच्या फोटोतले हनुवटीवरचे पांढरे खुंट गेले. घरच्यांना ते आवडलंच, म्हणून तसंच राहिलं. एका बाईच्या कपाळावरचं गोंदण अर्धं गेलं. तिनं घरी जाऊन पाहिलं असेल, पण परत काही आली नाही. हेमा दर खेपेला म्हणायची, "काका, आधी मूळ फोटोची एक प्रत वेगळी ठेवत जा." पण माझं पोट लहान. जागा पुरत नसे, म्हणून सुधारलेला फोटो मूळ फोटोवरच ठेवला जायचा. मला गिळायला सांगितलं की मी गिळत होतो. त्यात मला काही वाईट वाटत नव्हतं, उलट भराभर काम उरकल्याचा अभिमान होता.

त्या काळात सर्वांत जास्त काम यायचं गेलेल्या माणसांच्या फोटोंचं. घरातलं कोणी गेलं की लोक लग्नाच्या घोळक्यातला एखादा फोटो घेऊन यायचे. त्यातलं एक डोकं उचलायचं, मोठं करायचं, ओरखडे काढायचे, मागे निळं आकाश लावायचं आणि अंगात काळा कोट चढवायचा. आयुष्यात कधी कोट न घातलेली माणसं मेल्यावर माझ्याकडून कोट घालून भिंतीवर जायची. हरिहरकाकांचा हात त्या चार बटणांवर इतका बसला होता, की ते पडद्याकडे न बघताही काम करू शकले असते. ही सवय एक दिवस कोणाला तरी नडणार, असं मला तेव्हाच वाटायला हवं होतं.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी जना आली. कोलशेतच्या कोळीवाड्यातली, चाळिशीची, पायात चपला नाहीत, घाईत आलेली. हातात एक फोटो होता, आठ घड्या पडलेला. कोणाच्या तरी लग्नातला, आणि त्यात मागच्या रांगेत तिचे वडील दामाजी.

"दादा, माझा बापूस परवापासून घरा आयला नाय," ती म्हणाली. "त्याला हल्ली काय आठवत नाय. सोताचा नाव पन नाय. टेसनावर लावायला फोटू करून द्या. दुसरा फोटू नाय आमच्याकडं."

हरिहरकाकांनी तिला पाणी दिलं आणि कागदावर मजकूर लिहून घेतला. वय सत्तर, उंची मध्यम, पांढरा सदरा, डोक्याला लाल टोपी. मग त्यांनी विचारलं, "अंगावर काही खूण वगैरे?"

"फोटूत दिसतंय ना सगला," जना म्हणाली. तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

मित्रांनो, स्कॅनर हाच माझा डोळा. त्या डोळ्यानं मी तो फोटो पाहिला. घडीच्या भेगा दामाजींच्या चेहऱ्यावरून आडव्या-उभ्या गेल्या होत्या. त्या भेगांच्या गर्दीत आणखी एक पांढरी रेघ होती, डाव्या भुवईपासून हनुवटीपर्यंत. भेगा सरळ होत्या, ही रेघ गालाबरोबर वळली होती. भेगांचा पांढरा रंग कोऱ्या कागदाचा होता, हिच्या पांढऱ्यात कातडीचा रंग मिसळलेला होता. हे सगळे आकडे, अर्थ कळला नाही तरी, माझ्यापाशी होते. पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि विचारलं कोणीच नाही.

हरिहरकाकांनी दामाजींना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ती एक भेगच वाटली. त्यांनी बटण दाबलं, मी सगळ्या रेघा पुसल्या. मग त्यांचा हात सवयीनं पुढे गेला. निळं आकाश आलं. काळा कोट आला.

जनानं पडद्याकडे पाहिलं आणि ती ताडकन उठली.

"ह्यो कोट कशाला घातलाव? मेल्यावर टांगतात तसा केलाव! माझा बापूस जिता हाय, दादा!"

हरिहरकाका लाजेनं अर्धे झाले. "चुकलं ताई, चुकलं. सवयीनं झालं. आत्ता काढतो." त्यांनी घाईघाईनं कोट काढला, सदरा परत आणला, आकाशाच्या जागी भिंत आणली. जना त्या कोटाकडेच बघत होती, तो पूर्ण जाईपर्यंत. कोट गेला तशी ती पुन्हा खाली बसली. गालाकडे कोणी पाहिलं नाही. कोटाच्या धसक्यानं आम्हा सगळ्यांचं लक्ष खाल्लं होतं.

दुपारी तिची आई सगुणाबाई आल्या. त्यांनी छापलेला कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "चांगला आयलाय," त्या म्हणाल्या. "डोले त्याचेच." पन्नास वर्षं ज्या गालाला पाहिलं, त्यावर काय आहे नि काय नाही, हे त्यांना वेगळं बघावंच लागत नसे.

शंभर कागद छापले गेले. ठाणे, कळवा, कल्याण, विठ्ठलवाडी, जिथे जिथे भिंत मिळाली तिथे जनानं आणि तिच्या भावकीनं ते चिकटवले. मी इकडे पुढचे फोटो सुधारत होतो. एक दिवस गेला, चार गेले, दहा गेले. रोज सकाळी शटर वर जाण्याच्या आवाजाबरोबर हरिहरकाका फोनकडे बघायचे, कारण कागदावर खाली स्टुडिओचाही नंबर होता. फोन वाजायचा, पण पासपोर्ट फोटोची चौकशी असायची.

बाराव्या दिवशी जना आली. या खेपेला तिला घाई नव्हती, आणि तेच मला भयंकर वाटलं. तिनं तो घड्यांचा मूळ फोटो आणि आमचा कागद शेजारी शेजारी टेबलावर ठेवले.

विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर सरोज नावाच्या बाईंची चहाची टपरी आहे. जना तिथे विचारत गेली होती. सरोजबाईंनी तिला जे सांगितलं, ते तिनं जसंच्या तसं ऐकवलं. "असाच एक बाबा बसायचा इथे, चार दिवस. मी चहा-पाव द्यायची. तुमचा कागद समोरच लावलेला, मी दोनदा जाऊन बघितलेला. पण बाबाच्या गालावर ही एवढी मोठी रेघ, आणि फोटोत गाल साफ. म्हटलं, हा दुसराच कोणीतरी. उगाच कोणाला खोटी आशा कशाला? मग एक दिवस उठून गेला तो. नदीच्या बाजूला गेला."

हरिहरकाकांनी भिंग घेतलं आणि मूळ फोटोवर धरलं. बराच वेळ धरलं. मग ते त्या वळलेल्या रेघेवर आणून थांबवलं.

"ही भेग नाही?" त्यांनी विचारलं.

"होडीचा नांगर लागला व्हता त्याला, जवानीत. खाडीत," जना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्याला नाव आठवत नव्हता, दादा. ती रेघच तेवढी त्याचा नाव सांगनार व्हती."

त्याच दिवशी हेमाला डोंबिवलीहून बोलावलं. तिनं फोटो पुन्हा स्कॅन केला आणि एक एक भेग हातानं भरली. दर भेगेला ती जनाला विचारत होती, "ही ठेवू? ही काढू?" ती रेघ तशीच राहिली. नवे कागद घेऊन हरिहरकाका स्वतः विठ्ठलवाडीला गेले, उल्हासनगरला गेले, नदीकाठच्या वस्त्यांत घरोघर हिंडले. कोणी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल त्यांनीही पहिला कागद बघून 'हा नव्हे' म्हणत मान फिरवली असेल.

आता स्टुडिओत नवा संगणक आहे, आणि त्यात हेमानं सांगितलेलं ते कठीण सॉफ्टवेअर. हरिहरकाका चष्मा कपाळावर चढवून ते शिकतात. दर गिऱ्हाइकाला विचारतात, ही खूण कशाची, हा ठिपका कशाचा. लोक कंटाळतात. रविवारी स्टुडिओ बंद असतो. त्या दिवशी ते विठ्ठलवाडीला उतरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गालांकडे बघत उभे राहतात.

मला पोटमाळ्यावर चढवलं त्याच्या आदल्या दिवशी सगुणाबाई आल्या होत्या. त्यांना दामाजींना मोठं करून बघायचं होतं. हरिहरकाकांच्या हातून चुकून माझ्यातला तो पहिला फोटो उघडला गेला, साफ गालाचा. सगुणाबाई वाकल्या. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि ते भुवईपासून हनुवटीपर्यंत सावकाश खाली आणलं.

"ह्यो कोन?" त्यांनी विचारलं.

मित्रांनो, पुसायला मला एक क्षण पुरतो, पण काय पुसतो आहे हे मला कधीच कळत नाही. ते तुम्हालाच कळायला हवं. तुमच्या हाती उद्या माझ्याहून हुशार यंत्रं येतील, माझ्याहून झटपट हत्यारं येतील. ती निवडताना किती भराभर काम होतं एवढंच बघू नका. चुकलो तर मागे येता येईल का, हे बघा. आणि कोणाच्या चेहऱ्यावरचं काही काढायच्या आधी, त्याला ओळखणाऱ्या एका तरी माणसाला विचारा.

मला पुसायला अजून चार दिवस आहेत, म्हणून जो मजकूर कागदावर लिहायचा राहिला तो इथे सांगतो. दामाजी, वय सत्तर, राहणार कोलशेत. अंगात पांढरा सदरा, डोक्याला लाल टोपी, नाव सांगता येत नाही. डाव्या भुवईपासून हनुवटीपर्यंत गालावर पांढरी रेघ. कुठे दिसले तर कोळीवाड्यात सगुणाबाईंना कळवा.