हाडांची आरास

ओजसच्या मुठीतून चारुताने जे सोडवून घेतलं ते हाडूक निघालं. लाळेने चिकट झालेलं, पांढरंफटक, कुठल्यातरी सरड्याचं असावं.

ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात दीड वर्षाचं पोर झुडपाखाली घुसलं होतं. तिने वाकून बघितलं आणि तिच्या अंगावर काटा आला. काटक्यांच्या दोन उभ्या भिंती, मधे बोळ. त्याच्या तोंडाशी हाडं, गोगलगायींचे शंख, हिरव्या काचा आणि तिच्याच कुंडीतल्या मिरच्या, सगळं कुणीतरी निगुतीने मांडलेलं.

"करणी!" एमएस्सी झालेल्या बाईच्या तोंडून निघालं. आता ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये करणी करायला येणार कोण? पण ओजस कालपासून धड जेवत नव्हता, आणि शंका काही डिग्री विचारून येत नाहीत.

हॉस्पिटलची शिफ्ट आटपून आलेला तिचा नवरा यतिन पोट धरून हसला. "अगं वेडे, बॉवरबर्ड आहे. नर. मादीला पटवायला सजावट करतो."

"हाडांची?"

"तिला आवडते ना! ज्याची आरास भारी, त्याला ती निवडते. पिढ्यान्‌पिढ्या माद्यांनीच निवडून निवडून हे नर असे शौकीन केलेत."

"आणि पिल्लं या काचांत वाढवणार?"

"छे, हा नुसता शो. घरटं ती दुसरीकडे बांधते. अंडी, पिल्लं, सगळं एकटीच बघते."

करणीची निदान भीती तरी वाटली होती. आता नुसती शिसारी आली.

तेवढ्यात तो पक्षी आलाच. धुळकट अंगाचा. बोळात मादी येऊन उभी राहिली, तशी त्याने चोचीत मिरची धरली, मानेवरचा गुलाबी तुरा फुलवला आणि घसा खरवडल्यासारखे आवाज काढत मान झटकू लागला. चारुताला तो तुरा सोललेल्या कातडीसारखा दिसला.

"काय ब्युटिफुल आहे!" यतिनने फोन काढला.

"यतिन, ओजस बघ!"

"एक मिनिट गं, आता नाचेल."

ओजसच्या ओठांशी हिरवी काच होती. चारुताने झेप घेऊन ती हिसकावली. पक्षी उडाले, पोराने भोकाड पसरलं.

तिने हातमोजे आणि बादली आणली, आणि एकेक काच वेचू लागली.

"अगं, बिचाऱ्याची सीझनभराची मेहनत!"

"हाडं ठेवतेय की त्याला." तिने ओजसला यतिनच्या हातात कोंबलं. "धर. तोंडात बोट घालून बघ, जिभेखालीसुद्धा."

यतिनने फोन गवतात टाकला. ओजस त्याच्या बोटाला कडकडून चावला.

"नाहीये काही."

"परत बघ."

त्याने परत बघितलं.