मानसिंगच्या बाटलीत उरलेलं पाणी

मी मानसिंगची पाण्याची बाटली बोलतेय. फौजेतली, हिरव्या कापडी पिशवीतली. डोंगर चढून आला की तो मला उपडी करून घटाघटा प्यायचा, शेजारच्या जवानालाही पाजायचा. तहानलेल्याला भरपूर पाणी द्यायचं, एवढंच मला येत होतं.

मानसिंग पेन्शनीवर शिराळ्याजवळच्या गावी आला, तशी मीही आले. मग त्याला कॅन्सर झाला. सातारच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटलं. मला त्याच्या उशाशी ठेवलं.

इकडची रीत अशी, की भेटायला येणारा जो तो आजाऱ्याच्या तोंडात चमचाभर पाणी घालतो. माणूस तहानेला जाऊ नये म्हणून. मानसिंगला गिळता येत नव्हतं. पाणी घशात घरघरायचं. घरी येणाऱ्या रशीदा सिस्टरनं चमचाच काढून घेतला.

"आवं, ठसका लागतोय त्येंना. मऊ फडकं ओलं करा, ओठ पुसा, जीभ पुसा. त्यानंच बरं वाटतं."

"म्हंजे माझ्या भावाला तहानेनं मारायचं व्हय?" धाकटा धनाजी ओरडला. ती गेली आणि त्यानं मला उचलून भावाच्या तोंडाला लावलं.

मानसिंग काळानिळा पडला. आईनं, चंद्राबाईनं, त्याला कुशीवर वळवलं. बऱ्याच वेळानं श्वास परतला, तेव्हा तो पुटपुटला, "पाजतोस का बुडवतोस रं?"

धनाजी हसला. हसता हसता खाटेच्या लाकडावर डोकं आपटू लागला.

मग तो फडकंच ओलं करायचा. मानसिंग ते चोखायचा, डोळे मिटायचा. मी गळ्यापर्यंत भरलेली आणि त्याला माझे चार थेंब पुरायचे. शेवटी चोखणंही थांबलं. धनाजी ओठ ओले करत राहिला. ते गार पडल्यावरही.

स्मशानात मला गळ्यात अडकवून, खांद्यावर मडकं घेऊन तो चितेभोवती फिरला. रीतीप्रमाणे मागून कुणीतरी मडक्याला भोक पाडलं. धार लागली. धनाजी थबकला. त्यानं भोकावर तळवा दाबला.

"मातीला कशाला पाजताय? त्याला घोटभर दिलं न्हाई मी!"

चुलत्यानं, कोंडीबानं, त्याचा हात सोडवला.

तेव्हापासून मी खुंटीवर आहे, भरलेली. बूच तो कुणाला काढू देत नाही. आतलं पाणी वास मारतंय. धनाजी, तुझा भाऊ तहानेला गेला नाही रं. मी उशाशीच होते. फडकं लागलं की त्याचं कपाळ सैल पडायचं, मी बघितलंय. मला उतरव. हे पाणी ओतून टाक.