जोंग्देच्या केसला वकील

देगू शहरातल्या कोर्टासमोरच्या गल्लीत वकील पैशाला पासरी. तिघांना गाठलं. तिघांनी बसल्या बसल्या एकच विचारलं, "शवविच्छेदन झालंय?"

"नाही. तिसऱ्या दिवशी दहन केलं."

एवढं म्हटलं की फाइल मिटायची. पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला गेलेला माझा नवरा जोंग्दे दोन दिवसांत गेला. भरपाई गेली खड्ड्यात. तो कशाने गेला, एवढंच कुणीतरी मला सांगावं.

आमच्याकडे माणूस जातो त्याच हॉस्पिटलच्या तळघरात त्याचे तीन दिवसांचे विधी होतात. वर मारा, खाली फुलं वाहा, सगळी सोय एकाच छपराखाली! तिथे पोलिसाने विचारलं होतं, "काही संशय?" मी तोंड उघडणार तेवढ्यात मोठे दीर ओरडले, "एकदा चिरलंय ना माझ्या धाकट्याला? आता परत चिरायचा?" आमच्या घरात त्यांच्यापुढे कुणाची ब्र काढायची टाप नाही. संशय नाही म्हणून मी सही करून दिली. त्याबद्दल मी स्वतःला कधीच माफ करणार नाही.

आता तेच दीर इस्त्रीचा कोट चढवून माझ्याबरोबर वकील शोधत फिरतात. तिसऱ्याकडून उतरताना जिन्यातच बसले.

"ओक्जा, मीच घात केला गं."

"उठा भाऊजी. लोक बघतायत."

चौथे वकील दिरांच्या गावचे निघाले. कॉफी आली, गावच्या नासपतींच्या, सफरचंदांच्या गप्पा झाल्या. "केस एकदम भक्कम आहे, वहिनी. हॉस्पिटलला नाक घासायला लावतो!"

दिरांचा चेहरा उजळला. मी वाट बघत राहिले. करारपत्र पुढे आलं, तरी वकिलांनी तो प्रश्न काही विचारला नाही. शेवटी मीच म्हणाले, "साहेब, नवऱ्याची राख झालीय."

"ते बघू हो पुढचं पुढे!"

नाही म्हणणारे ते तिघेच खरे होते, हे मला तेव्हा लख्ख कळलं. मी उठणारच होते.

"मार ना गं शिक्का," दीर हळूच म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी माझी कधी विनवणी केली नव्हती.

आमच्याकडे सहीच्या जागी चालतो तो माझ्या नावाचा शिक्का मी पर्समधून काढला आणि करारपत्रावर उमटवला. जोंग्दे कशाने गेला ते मला आता कधीच कळणार नाही. म्हाताऱ्याला तरी झोप लागू दे.