नऊ अधिक दोन

लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे पानावहिनी म्हणत. तिचा नवरा तिथेच मेकॅनिक होता आणि त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना खोचलेला असे, म्हणून तो झाला पाना आणि ऑफिसात नोंदी ठेवणारी त्याची बायको झाली पानावहिनी. पहिल्या वर्षी तिला त्या नावाचा राग यायचा. आता खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर तिलाच वळून बघायला वेळ लागे.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला फोन आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीत लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली, दार उघडलं आणि दार उघडं असतानाच ती हळूहळू वर सरकायला लागली. एक आजीबाई आत पाऊल टाकणार होत्या. त्यांनी आधी काठी टेकवली, म्हणून वाचल्या. काठी लिफ्टबरोबर वर गेली, आजीबाई बाहेर राहिल्या. रिकामी लिफ्ट थेट माथ्यावर जाऊन आदळली.

ब्रेक दाबून धरणारी स्प्रिंग तुटली होती.

साहेबांनी स्प्रिंग बनवणाऱ्यांना फोनवर असं काही झापलं की तासाभरात त्यांचं पत्र आलं. साहेब ते घेऊन थेट पानावहिनीच्या टेबलाशी आले. एरवी ते तिला केबिनमध्ये बोलावत.

"चारशे सात नंबरचा माल खराब निघालाय," ते म्हणाले. "बसवून दोन वर्षं उलटली असतील आणि इमारत सात मजल्यांपेक्षा उंच असेल, तर लिफ्ट ताबडतोब बंद करा म्हणतात. बाकीच्यांच्या स्प्रिंगा महिन्याभरात बदलल्या तरी चालतील. अशा किती आहेत आपल्याकडे?"

"दहा मिनिटं द्या."

तिच्या संगणकातल्या पत्रकात अकराशे चाळीस ओळी होत्या, एका लिफ्टची एक ओळ. अटी तीन. मालाच्या रकान्यात ४०७ हवं, तारीख दोन वर्षांमागची हवी आणि मजल्यांच्या रकान्यात सातपेक्षा मोठा आकडा हवा. तिन्ही अटी एकाच वेळी लागू पडतील तीच ओळ मोजायची. तिने सूत्र लिहिलं आणि कळ दाबली. उत्तर आलं नऊ.

तिने त्या नऊ इमारतींची यादी काढून दिली.

"नक्की?" साहेबांनी विचारलं.

"नक्की."

पावणेअकरापर्यंत नऊही लिफ्ट बंद झाल्या. मेकॅनिक जोडीजोडीने तिकडे पाठवले. पानाला कुणी हलवलं नाही. तो सकाळीच डॉक्टरांचे दवाखाने असलेल्या एका उंच इमारतीत रुळांना तेल द्यायला गेला होता. हे काम लिफ्टच्या टपावर उभं राहून करायचं असतं. एकेक मजला वर सरकवायची, थांबवायची, दोन्ही बाजूंच्या रुळांना तेल द्यायचं, पुन्हा वर. ती इमारत यादीत नव्हती. पानावहिनीने मनातल्या मनात हुश्श केलं होतं, आणि असं आपल्यापुरतं बघितल्याबद्दल तिला जराशी लाजही वाटली होती.

दुपारी तिने डबा उघडला तेवढ्यात भांडारकाका आले. सामानाची कोठी सांभाळणारा हा माणूस कधी घाईत नसे.

"जेवा, जेवा. मला फक्त नवीन स्प्रिंगा मागवायच्यात. उंच इमारती नऊ ना? आणि कमी उंचीच्या किती?"

तिने एका हाताने सूत्रातली शेवटची अट बदलली. सातपेक्षा जास्तऐवजी सात किंवा कमी.

"दोन."

"म्हणजे अकरा." काकांनी आपली वही उघडली. "माझ्याकडून तर चारशे सातच्या चोवीस स्प्रिंगा गेल्यात. एका लिफ्टला दोन, म्हणजे बारा लिफ्ट. बघा बुवा, एक जोडी मी खाल्ली की काय?"

"नंतर परत आल्या असतील."

"परत आलेलं सगळं लाल शाईत लिहितो मी. सगळ्या तीन वर्षांपूर्वी, एकाच महिन्यात लागल्यात. परत एकही नाही."

ती हसली, पण घास तोंडात तसाच राहिला. काकांचंच काहीतरी चुकलं असणार, असं म्हणत तिने मजल्यांची अट पुसून टाकली आणि बाकीच्या दोन अटींवर मोजलं.

बारा.

तिने पुन्हा मोजलं. बाराच.

जास्त मजल्यांच्या नऊ, कमी मजल्यांच्या दोन. मग उरलेल्या लिफ्टला मजले होते तरी किती? सातपेक्षा जास्त नाहीत, सात नाहीत, सातपेक्षा कमीही नाहीत. अशी इमारत असते कुठे? डबा बाजूला सारून तिने त्या बारा ओळी वेगळ्या काढल्या आणि बोट ठेवून एकेक वाचायला लागली. नऊ. चौदा. पाच. अकरा. दहाव्या ओळीवर बोट थांबलं.

मजल्यांच्या रकान्यात लिहिलं होतं, '१२ मजले'.

नुसतं १२ नव्हे, पुढे 'मजले'. माणसाने वाचलं तर काहीच अडत नाही. पण त्या एका शब्दाने आकड्याची अक्षरं झाली होती, आणि अक्षरं सातपेक्षा मोठी आहेत की लहान हे यंत्राला कसं कळणार? दोन्ही वेळा त्याने ती ओळ मुकाट्याने सोडून दिली होती. चूक झाली म्हणून लाल खूण नाही की काही नाही. ओळीच्या शेवटी नोंद करणाऱ्याची आद्याक्षरं होती. तिचीच.

मग तिने इमारतीचं नाव वाचलं.

समोरच्या भिंतीवर कामाचा फळा होता. त्यावर सकाळी तिनेच लिहिलेलं होतं. तरी तिने मान वर करून बघितलं, जणू आपण दुसरंच काही लिहिलं असेल. 'पाना', आणि पुढे दवाखान्यांच्या त्याच इमारतीचं नाव.

"काय झालं हो?" काकांनी विचारलं.

लिफ्टच्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर तिला एक गोष्ट पक्की माहीत होती. रिकामी लिफ्ट दोराच्या दुसऱ्या टोकाला तोलासाठी टांगलेल्या वजनापेक्षा हलकी असते. ब्रेक सुटला तर ती खाली पडत नाही, वर जाते. आणि टपावर माणूस उभा असेल तर तो आणि माथ्याचं काँक्रीट यांच्यामध्ये काहीच नसतं.

तिने नवऱ्याला फोन लावला. आवाक्याबाहेर. लिफ्टच्या उभ्या बोगद्यात फोन लागत नाही हे ठाऊक असून तिने तीनदा लावला. मग इमारतीच्या स्वागतकक्षाचा नंबर शोधला. एक आकडा दोनदा चुकला.

"नमस्कार, कुणाची अपॉइंटमेंट हवी?" एका बाईंचा आवाज आला.

"अपॉइंटमेंट नको. मी लिफ्ट कंपनीतून बोलतेय. आमचा मेकॅनिक कुठे आहे?"

"ते होय? वर आहेत. मघाशी नवव्या मजल्यावर आवाज येत होता. किती वेळ लागेल अजून? इथे पेशंट जिने चढून वैतागलेत."

नववा. वर तीनच मजले उरले होते.

"ताई, नीट ऐका. त्या लिफ्टचा ब्रेक खराब आहे. त्यांना टपावरून बाहेर यायला सांगा. आत्ताच्या आत्ता."

मग बाई घाबरून म्हणाल्या, "थांबा, मी मेन स्विच बंद करते!"

"नको!" पानावहिनी ओरडली. अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. "चालू असताना वीज गेली तर सगळा भार त्या ब्रेकवरच येईल. कशालाही हात लावू नका. धावत वर जा, दारावर थापा मारा आणि नुसतं सांगा, बाहेर या. पुढचं त्यांना कळतं."

"मी? नऊ मजले?"

"ताई, ते माझे मिस्टर आहेत."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि सँडलची टपटप लांब गेली.

मग वाट बघणं. फोनमधून तिथला स्वागतकक्ष ऐकू येत होता. कुणीतरी खोकत होतं. एका लहान मुलीला कंटाळा आला होता आणि तिची आई तिला गप्प बसायला सांगत होती. पानावहिनी कान टवकारून दुसराच आवाज शोधत होती, आणि तो ऐकू येऊ नये म्हणून देवाला विनवत होती. डोळ्यांसमोर सकाळचं दृश्य येत होतं. नवरा दारात बूट घालत होता, भाजीवाल्याचे सुटे कुठे ठेवलेत असं त्याने विचारलं आणि तिने त्याच्याकडे न बघताच उत्तर दिलं होतं. त्याने कोणता शर्ट घातला होता? तिला आठवेना. आठवायलाच हवं असं तिला वाटायला लागलं, आणि ते तसं का वाटतंय हे लक्षात आल्यावर तिने आठवणं सोडून दिलं.

साहेब केबिनमधून बाहेर आले. "काय गोंधळ आहे?"

"नऊ नाही, दहा," ती म्हणाली. फोन कानालाच होता. "एक सुटली. नोंद मीच चुकीची केली होती. आणि तिच्या टपावर हे आहेत."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. बोलणी खाण्याची तिची तयारी होती, पण ते नुसते जवळ आले. टेबलाची कड धरून उभे राहिले. भांडारकाका वही छातीशी धरून बसले होते.

चार मिनिटं गेली. सहा. फोनमधली ती मुलगी रडायला लागली. आठव्या मिनिटाला तिकडे एकदम पुष्कळ लोक बोलायला लागले आणि कुणीतरी पळालं. पानावहिनीने फोन कानाला आणखी घट्ट दाबला.

अकराव्या मिनिटाला टेबलावरचा तिचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. काकांनीच तो उचलून तिच्या दुसऱ्या कानाला लावला.

"अगं, काय भानगड आहे?" नवऱ्याला धाप लागली होती. "या बाईंचा मोबाईल घेतलाय. रडतायत त्या. मला म्हणाल्या बाहेर या, मी आलो."

"कुठे आहात?"

"दहाव्या मजल्यावर. जिन्यात."

"जिन्यात म्हणजे जमिनीवर ना?"

"मग काय हवेत?" तो हसायला गेला, पण थांबला. "ऐक. मघापासून ती थांबवली की वीतभर वर सरकत होती. दोनदा झालं. मला वाटलं, तेलाचा हात लागला असेल कुठेतरी."

तिला इतका वेळ न आलेलं रडू आता आलं.

नंतर दोघा मेकॅनिकांनी तोलाचं वजन साखळदंडाने बांधून तो ब्रेक उघडला. एका स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते. दुसरीला अर्ध्यापर्यंत चीर गेली होती. तेवढ्या अर्ध्या स्प्रिंगवर लिफ्ट, वजन आणि माणूस सकाळपासून थांबत होते.

संध्याकाळी साहेब पुन्हा तिच्या टेबलाशी आले. तिने मजल्यांचा अख्खा रकाना तपासला होता. अकराशे चाळीसपैकी एकेचाळीस ठिकाणी आकड्यांची अक्षरं झाली होती. त्यांतल्या सव्वीस नोंदी तिच्या होत्या.

"या रकान्यावरून आजवर आपण काय काय मोजलंय?" साहेबांनी हळूच विचारलं.

"दोरांची तपासणी. दारांची. दर वर्षीची ब्रेकची यादी." तिचा आवाज खाली गेला. "सगळंच."

त्यांनी खुर्ची ओढून पत्रक वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "उद्या सातला या. मीही येतो."

घरी पानाने हातपाय धुतले, लेकीची शाळेची वही बघितली, सगळं रोजच्यासारखं केलं. लेक खेळायला गेल्यावर पानावहिनीने त्याला ती ओळ कुणी लिहिली होती ते सांगितलं.

"मी तुला फोनवरून सांगितलं होतं, बारा मजले," तो म्हणाला. "तू ऐकलंस तसं लिहिलंस."

"लिहिणारी मी होते."

"हो," तो म्हणाला. त्याने तिची समजूत घातली नाही आणि तिला तेच बरं वाटलं.

थोड्या वेळाने खिडकीकडे तोंड करून तो म्हणाला, "साहेबांना सांगशील का, उद्या मला टपावरचं काम नको म्हणून? दोनचार दिवस."

चौदा वर्षांत त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. ती "सांगते" म्हणाली, आणि सकाळी साडेपाचचा गजर लावायला आत गेली.