सकाळच्या तपासणीचा कागद

नकाशा कार्यालयात बत्तीस वर्षे काढलेल्या त्या मुख्य आरेखकांना सहकारी पाठीमागे ‘गुण्या’ म्हणत. गवंड्याच्या गुण्याप्रमाणे काटकोनाबाहेरचे काहीच त्यांना खपत नसे. त्यांचे नियम दोनच होते. तोंडी सूचना मानायची नाही. आणि हातचा कागद त्याच दिवशी बाहेर सोडायचा नाही, मध्ये रात्र जाऊ द्यायची आणि सकाळी ताज्या नजरेने तपासायचा.

पहिला नियम त्यांना एका ठेकेदार मित्राने शिकवला होता. “तूच तर तोंडी सांगितलंस,” असे म्हणून त्याने एका इमारतीची तुळई बदलली, भिंतीला तडा गेला, आणि एका ताटात जेवणारे ते दोन मित्र पुढे अठरा वर्षे एकमेकांच्या सावलीलाही उभे राहिले नाहीत.

नेमका त्याच ठेकेदाराचा मुलगा त्यांच्या मुलीने निवडला. दोन्ही बापांनी नकार दिला. चार दिवसांपूर्वी पोरे घर सोडून गेली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका भाड्याच्या खोलीत, फोन बंद करून राहिली. पत्ता फक्त आत्याला, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीला, ठाऊक होता. शुक्रवारी संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

“दादा, पोरीनं शेवटचं विचारलंय. आजच उत्तर हवंय तिला. तिचा चेहरा बघवत नाही रे.”

“लिहून ठेवलंय.”

“मग दे की!”

“सकाळी ने. एकदा तपासतो.”

“अरे, हा काय पुलाचा नकाशा आहे? बरं, एवढं तरी सांग, हो की नाही?”

“कागदात आहे. तोंडी निरोपानं एकदा हात पोळलेत माझे.”

“हात पोळले म्हणून जीभही बांधून ठेवलीस होय?”

“जाऊ द्या हो वन्सं,” बायको आतून म्हणाली. “आमच्या लग्नाचा होकारसुद्धा पत्रानंच आला होता. तोही आठवड्यानं.”

आत्या रिकाम्या हाताने परत गेली.

कागदावर ‘माझी हरकत नाही’ असे होते. शनिवारी सकाळी खिडकीशी बसून त्यांनी ते वाचले, आणि शब्द त्यांना बांधकामाच्या परवान्यासारखे कोरडे वाटले. ते खोडून त्यांनी लिहिले, ‘दोघांनी घरी यावे. आम्ही वाट पाहत आहोत.’ मग खाडाखोड नको म्हणून स्वच्छ प्रत काढली. शाई वाळायच्या आत फोन वाजला.

पलीकडे आत्या होती. ‘उद्या’ हा निरोप पोरांनी नकारच समजला होता. दोघांनी विष घेतले. मुलाने खोलीतच प्राण सोडला. मुलीने रुग्णालयापर्यंत तग धरला, आणि शेवटच्या श्वासापर्यंत ती त्याचेच विचारत होती.

रुग्णालयात ठेकेदार त्याच्या बायकोसह बाकावर बसला होता. त्यांना पाहून तो उठला. भांडायला उठला असावा, पण पुन्हा खाली बसला.

“तुझा होकार आला असता, तर मीही मान तुकवली असती रे,” तो म्हणाला. “मी तुझ्याच उत्तरासाठी थांबलो होतो.”

तेवढ्यात आरेखकांच्या बायकोने त्यांची बाही धरली.

“अहो, खरं सांगा. काय लिहिलं होतंत?”

होकार होता असे सांगितले, तर ती जन्मभर त्या एका रात्रीचा तास न् तास उलगडत बसेल. नकार होता म्हटले, तर फक्त नवऱ्याचा तिरस्कार करील. आणि तिरस्काराला निदान टेकून बसता येते.

“नाही,” ते म्हणाले. “नाहीच म्हणालो होतो.”

तिने बाही सोडली. त्यांच्याकडे न पाहता ती समोरच्या बाकाकडे गेली आणि मुलाच्या आईला बिलगून बसली. ठेकेदाराने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

आतून कोणीतरी मुलीच्या वडिलांना हाक मारली. ते एकटेच आत गेले.